याकूबभाईंचा तळहात

माझ्या पिकअपमध्ये पहिल्यांदा बसणारा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो. स्टिअरिंगशेजारी, जिथे लोक देव ठेवतात तिथे, हे दोन गोल काटे कशाला बसवलेत? गणपतीचा कारखाना चालवणाऱ्या बाईच्या गाडीत देव नाही आणि काटे आहेत, याचं लोकांना नवल वाटतं. मी सांगते, देव मागे हौद्यात पेंढ्यात बसलेत, चांगले पंधरावीस आहेत, पुढे आणखी कशाला? काट्यांबद्दल सांगायचं तर मात्र याकूबभाईंबद्दल सांगावं लागतं, आणि तेवढ्यात बसलेल्या माणसाचं ठिकाण येतं. इथे तशी घाई नाही.

याकूबभाई रोह्याला लागून असलेल्या वरसे गावचे. गॅरेज रोह्यात. मी पेणची. पेणमध्ये गल्लोगल्ली मेकॅनिक असताना मी दीड तास गाडी हाकत रोह्याला जात असे, याचं कारण माझा डावा गुडघा. तीस वर्षं मांडी घालून मूर्ती केल्या, त्याची वसुली गुडघ्यानं केली. क्लच दाबवेना. भाड्याचा ड्रायव्हर मूर्ती नीट नेत नाही हा माझा अनुभव, त्यामुळे गाडी सोडणंही होईना. शेवटी ऑटोमॅटिक गिअरची एक जुनी डिझेल पिकअप घेतली. क्लच नाही, डाव्या पायाला सुट्टी. पण ती जरा कुरकुरायला लागल्यावर पेणच्या मेकॅनिकांनी एकेक करून हात वर केले. एकजण म्हणाला, "ताई, हिचं काम मला येत नाय, उगाच खोटं कशाला बोलू? रोह्यात याकूबभाई हायत. बावीस वर्षं मस्कतला हेच गिअर खोलले त्यांनी."

पहिल्या दिवशी याकूबभाईंनी बॉनेट उघडलंच नाही. मला म्हणाले, स्टेशनपर्यंत जाऊन या. आल्यावर दारापाशी गोणपाट टाकलं, उकिडवे बसले, हात गाडीखाली घातला आणि गिअरबॉक्सच्या बुडाला तळहात क्षणभर टेकवून काढला. डोळे मिटलेले. मग पुन्हा टेकवला. "अठ्ठ्याऐंशी," म्हणाले. त्यानंतर कपाटातून तपासायचं यंत्र काढून गाडीला जोडलं. त्यात सत्त्याऐंशी अंश आलं. त्यांनी यंत्राकडे असं पाहिलं, जणू चूक त्याची होती.

चटका किती वेळात लागतो यावरून ते आकडा सांगत. मस्कतच्या उन्हात, जिथे सगळंच तापलेलं असतं, तिथे शिकलेली ही विद्या. ती फक्त गाड्यांपुरती नव्हती. चहाचा पेला आला की आधी तळहात बाहेरून लावायचा. भिंतीला हात लावून म्हणायचे, आज दुपारी पाऊस येणार. गॅरेजच्या मागच्या आळीतल्या बायका तापलेली पोरं कडेवर घेऊन यायच्या. "भाई, बघा हो जरा." याकूबभाई हातावरचं ग्रीस आधी रॉकेलनं, मग साबणानं, मग पुन्हा साबणानं धुवायचे आणि पोराच्या कपाळावर हात ठेवायचे. "शंभराच्या वर हाय. गोळी द्या न् उद्या डॉक्टरला दाखवा." डॉक्टरकडे थर्मामीटर होता, पण भाईंचा आकडा आधी घेतल्याशिवाय कुणाला चैन पडत नसे. रोह्यात गाडी याकूबभाईंकडे येत नव्हती, त्यांच्या हाताकडे येत होती. तो हात त्यांना हळूहळू सोडून चालला आहे, हे तेव्हा त्यांच्या बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि हात गेला तर माणसाचं काय उरणार, हा प्रश्न ते एकटेच घेऊन बसले होते.

बोलणं कमी. गाडी बिघडली असं ते कधी म्हणत नसत. म्हणत, "हिला कोणी विचारलं नाय." मालकावर चिडत नसत, गाडी बनवणाऱ्यावर चिडत. "त्याला आपला घाट ठाऊक नाय, आपला खड्डा ठाऊक नाय, आपला माणूस तर अजिबातच ठाऊक नाय." शर्टाच्या खिशात कायम एक पेन असे, त्यानं काही लिहिताना मी त्यांना पाहिलेलं नाही. शुक्रवारी बारा वाजले की अर्धी खोललेली गाडी तशीच सोडून नमाजाला जायचे, आणि आल्यावर कुठला स्क्रू कुठला हे एकदाही विसरायचे नाहीत.

दुसऱ्या वर्षी आषाढात मी गाडी घेऊन गेले ती जळका वास येतो म्हणून. त्यांनी गिअरचं तेल बोटावर घेतलं, हुंगलं. लाल असायचं ते तपकिरी झालेलं.

"काय वाहता ताई?"

"गणपती. घाटावर नेते, तळेगावकडे."

"जोरात नेता?"

"जोरात कशी नेईन? कान मोडतात, बोटं मोडतात. घाटात तर माणूस चालतो त्या वेगानं."

याकूबभाई आवाज न करता हसले. पेणमध्ये मूर्ती नेणारा प्रत्येकजण असाच चालवतो. माझे वडील सांगायचे, हौद्यात काठोकाठ भरलेली घागर आहे असं समजायचं आणि थेंब सांडू द्यायचा नाही. क्लचच्या गाडीत पहिल्या गिअरवर हे चालून जातं. या गाडीत मात्र घाटात ओझं घेऊन रांगायला लागलं की गिअरमधलं तेल नुसतं घुसळलं जातं आणि तापत राहतं. याकूबभाईंनी मला हे समजावलं ते एका वाक्यात. "तुमी देवाला जपता, तिकडे गिअर भाजतो."

मला वाटलं, आता सांगतील जोरात चालवा. दुसऱ्या कुणीही तेच सांगितलं असतं. ते म्हणाले, "तुमचं हळू जाणं बरोबर हाय. ते सोडू नका. गाडीला हळू चालायला शिकवू आपण."

त्यांच्या मनात होतं गिअरच्या खालची तेलाची परात बदलायची. मूळची उथळ, पत्र्याची. तिच्या जागी जाड अल्युमिनिअमची खोल परात, बाहेरून वाऱ्यासाठी पट्ट्या काढलेली, तीन लिटर तेल जास्त मावणारी. तिकडे आखातात अशा परातींशिवाय ओझ्याची गाडी कोणी वाळवंटात नेत नाही म्हणे. मी शंका काढली. चहा बशीत ओतला की लवकर गार होतो, पेल्यात नाही. मग खोल भांडं कशाला?

"बशीतल्या चहाला वारा लागतो. हे तेल झाकणात हाय," ते म्हणाले. "चुलीवर वाटीभर पाणी ठेवा न् टोपभर पाणी ठेवा. आधी कुठलं उकळतं?"

"वाटीतलं."

"तेच. टोपातलं उकळायचं तवर तुमचा घाट संपला पायजे. आपल्याला तेवढा टाइम हवा, बस."

परात मस्कतहून आली. त्यांचा पुतण्या सुट्टीवर येताना खजुराच्या डब्यांबरोबर ती बॅगेत घालून, चादरीत गुंडाळून घेऊन आला. विमानतळावर विचारलं तर सांगितलं, चाचीसाठी भांडं. घरी आल्यावर जैनबभाभींनी, म्हणजे याकूबभाईंच्या बायकोनं, ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "ह्यात सांदणं बरी होतील. गाडीला कशाला देताव?" भाभी विनोद करताना चेहरा हलू देत नसत, त्यामुळे मला आधी ते खरंच वाटलं.

बसवायचं काम मी पत्र्याच्या स्टुलावर बसून सबंध पाहिलं. जुनी परात उतरवली तेव्हा तिच्यातल्या लोहचुंबकावर करडा लेप बसलेला होता. तो त्यांनी वर्तमानपत्रावर पुसून माझ्यापुढे धरला. "हा तुमच्या गिअरचा मैदा. घाटानं दळला." नवी परात लावताना बोल्ट समोरासमोरचे, जोडीजोडीनं, शेवटचा पीळ फक्त मनगटानं. किती आवळायचं याचा आकडा असलेला पाना त्यांच्याकडे नव्हता. "बोटांना कळतं," म्हणाले. हे ते माझ्याकडे न बघता म्हणाले, हे मला नंतर आठवलं.

मग काटे. एक गिअरच्या तेलाचं तापमान सांगणारा, एक इंजिनच्या पाण्याचं. पाण्याचा काटा गाडीत होताच, मी म्हटलं.

"कंपनीचा काटा खोटं बोलत नाय," याकूबभाई म्हणाले, "पण अर्धंच सांगतो. मधोमध झोपून असतो न् उठतो तेव्हा कारभार आटपलेला असतो."

नव्या काट्यावर एकशे दहाच्या जागी त्यांनी नातीच्या लाल नेलपॉलिशनं रेघ ओढली. इथे पोचायच्या आत थांबायचं, तेल कुठून गळतंय का बघायचं आणि फोन करायचा. आणखी एक गोष्ट बजावली. "किल्ली काढलीत की हा पडला शून्यावर. इंजिन कितीपण तापलेलं असो. मग विचारायचं तर हातालाच विचारायचं."

"एवढा तुमचा हात असताना काटा कशाला भाई?"

"माझा हात रोह्यात. तुमची गाडी घाटात."

उत्तर मला पटलं. ते अर्धंच होतं.

निघताना रिवाजाप्रमाणे त्यांनी एक फेरी मारायला लावली. पूर्वी ते माझी फेरी होईपर्यंत बाहेर उभे राहत. त्या दिवशी मात्र सीट कशी आहे बघतो म्हणत शेजारी येऊन बसले. उतरले, दारापाशी उकिडवे बसले, परातीला हात लावला आणि आकडा सांगितला. काट्याशी तंतोतंत जुळला. मी कौतुक केलं. ते रॉकेलनं हात धुवायला गेले.

पुढच्या वर्षी चतुर्थीला पंधरा दिवस उरले असताना अठरा मूर्ती घेऊन मी सकाळी निघाले. दोनच दिवसांपूर्वी याकूबभाईंनी परात उतरवून तेल बदललं होतं. गागोद्याचा फाटा गेला, खोपोली गेली, घाट लागला. एरवी काटा शहाण्णवच्या वर जात नसे. त्या दिवशी शंभर झाला. एकशे चार. एकशे सात. रेघेच्या आत मी गाडी कडेला घेतली आणि खाली वाकून पाहिलं. लाल तेलाचा थेंब, मग थेंब, मग थेंब.

याकूबभाईंना फोन केला. एस.टी.नं खोपोली आणि तिथून रिक्षा, असे ते तीन तासांनी आले. तोवर मी आणि अठरा गणपती रस्त्याच्या कडेला. येणारे जाणारे थांबून नमस्कार करत होते, एकानं बॉनेटवर जास्वंद ठेवलं. गाडी सुरू कर असं सांगणारेही दोघे भेटले. मी किल्लीच पर्समध्ये टाकली.

ते गोणपाट टाकून खाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. रस्ता खराब, पॅकिंग खराब, यातलं काहीतरी ऐकायची मी तयारी ठेवली होती. मेकॅनिक मंडळी हेच म्हणतात, आणि आपणही मान डोलावतो. ते बाहेर आले आणि म्हणाले, "एक बोल्ट सैल हाय. दोन जास्त आवळलेत, त्यानं पॅकिंग कापलं. माझी चूक."

तेव्हाच मला त्यांचा उजवा हात दिसला. तळहातावर मोठा पांढरा फोड आला होता. गाडीखाली धुराच्या नळीवर हात टेकून ते काम करत राहिले होते. नळी तीन तासांत निवायला हवी होती, पण तेल गळतं कुठून ते बघायला आल्या आल्या त्यांनीच मला थोडा वेळ इंजिन चालू ठेवायला सांगितलं होतं.

"भाई, हात."

त्यांनी तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहिला. मग गाडीला पाठ टेकून बसले.

"साखर," म्हणाले. "दोन वर्षं झाली. आधी पाय गेले, मग बोटं. गरम कळत नाय. बोल्ट बसला की नाय तेपण कळत नाय, अंदाजानं करतो."

"भाभींना माहीत आहे?"

"तिला ठाऊक हाय. चहा तीच बघून देते. न्हाणीतलं पाणी तीच बघते." मग मान गाडीकडे वळवली. "तुमच्या गाडीतला आकडा मी काट्यावर बघून सांगितलेला ताई."

मला राग आला. तो आला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. अठरा घरांचे गणपती माझ्या भरवशावर आणि मी या माणसाच्या बोटांच्या भरवशावर घाट चढत होते. पण त्याच वेळी मला माझे वडील आठवले. डोळ्यांची आखणी करताना त्यांचा हात कापायला लागला आणि त्यांनी ब्रश माझ्या धाकट्या भावाच्या हातात दिला, त्या दिवशी ते जेवले नव्हते. आणि त्यांचा ब्रश तरी घरातच राहिला होता. मी म्हटलं, "माझ्याकडून कुणाला कळणार नाही."

पॅकिंग आणि तेल ते बरोबर घेऊन आले होते. बोल्ट लावायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "तुमची बोटं लागतील."

गुडघा दुखत होता, पण झोपून काम करायला गुडघा लागत नाही. मी गाडीखाली गेले. ते बाहेरून सांगत होते. "साच्यात शाडू दाबता ना तुमी? तो पुरे म्हणतो तेव्हा थांबता ना? तसंच. समोरासमोरचे घ्या. मनगटानं, खांद्यानं नाय." बावीस बोल्ट. प्रत्येकाला विचारायचे, "बसला?" आणि मी व्हय म्हणेपर्यंत पुढचा देत नसत. मग ते माझ्या शेजारी बसले आणि सगळा घाट काटा मोठ्यानं वाचत राहिले. "पंच्याण्णव. पंच्याण्णव. सत्त्याण्णव. चालू द्या. शहाण्णव." मूर्ती पोचल्या. एकाही गणपतीचा कान गेला नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं याकूबभाईंनी. फोड बरा व्हायची वाट न बघता त्यांनी त्या दोन वर्षांत स्वतः आवळलेल्या गाड्या आठवायला सुरुवात केली. विटा वाहणारे टेम्पो, मासळीची गाडी, शाळेची बस. ज्याचा फोन नव्हता त्याच्या दारात गेले. प्रत्येकाला एकच वाक्य. "मी आवळलेलं परत बगायचं हाय, माझ्या बोटांना कळत नव्हतं." तोपर्यंत काही आळ नव्हता, तक्रार नव्हती. कमावलेलं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवून ठेवलं. काही लोक त्यानंतर आले नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? शाळेच्या बसवाल्यानं तर समोरच गाडी वळवून नेली. मासळीच्या गाडीचा मालक मात्र म्हणाला, "ते ठीक हाय भाई, पण आता आवळणार कोण?"

"मीच," याकूबभाई म्हणाले. "आवाजावर."

त्यांनी आकडा लावायचा पाना आणला होता. ठरलेल्या जोराला तो कटकन वाजतो. बोल्ट आवळताना ते मान वाकडी करून, कान पान्याशी नेऊन बसत. कट झालं की मान हलवत. ताप बघायला कुणी पोर आणलंच, तर आतल्या बाजूला हाक मारत. "बग गो जरा, किती हाय." जैनबभाभी दुपारचा डबा घेऊन आलेल्या असल्या की पदराला हात पुसत यायच्या आणि पोराच्या कपाळाला हात लावून म्हणायच्या, "हाय थोडा." आकडा त्यांना कधी सांगता आला नाही, आणि त्यावरून याकूबभाई त्यांना चिडवत.

असं दीड वर्ष चाललं. मग पाय साथ देईनात आणि त्यांनी गॅरेज बंद केलं.

मागच्या वर्षी गणपतीआधी मी मुद्दाम वरसेला त्यांच्या घरी गेले. खूप वाळले होते. चहा झाला, भाभींनी माझ्यासाठी सांदणं केली होती. निघाले तर ते काठी घेऊन माझ्यामागे बाहेर आले. नको म्हटलं तरी गाडीच्या दाराला धरून उकिडवे बसले, हात खाली घातला आणि परातीला तळहात टेकवला. डोळे मिटले. पूर्वी क्षणात काढत, या वेळी तो तिथेच राहिला.

"काटा किती दाखवतोय ताई?"

मी खिडकीतून आत डोकावले.

"ब्याऐंशी," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. मग समाधानानं मान हलवली. "व्हय. ब्याऐंशीच हाय."

जैनबभाभी पायरी उतरून आल्या. त्यांनी याकूबभाईंचं मनगट धरून हात परातीवरून काढला, तळहात उलटापालटा करून पाहिला आणि स्वतःच्या हातात ठेवून घेतला. थंडीत याकूबभाई गेले. ती आमची शेवटची भेट.

त्या दिवशी परतताना रोह्याबाहेर पडल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी तासभर बंद होती, किल्ली माझ्या हातात होती, काटा शून्यावर पडलेला होता आणि ब्याऐंशी मी मनानंच सांगितलं होतं. किल्ली काढली की तो शून्यावर पडतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.